इंजिन नवे, नळ्या जुन्या

जुन्या गाडीत दुसरे इंजिन बसवायचे ठरले की चर्चा मोठ्या गोष्टींची होते. माउंटिंग कुठे वेल्ड करायचे, गिअरबॉक्स जुळेल का, रेडिएटर पुरेल का, वायरिंगचा गुंता कोण सोडवणार, आरटीओतले कागद कसे होणार. टाकीपासून इंजिनापर्यंत पेट्रोल नेणारी नळी या यादीत बहुधा नसतेच. असली तर सगळ्यात शेवटी, ‘चालतेय ना, मग राहू दे’ एवढ्या शेऱ्यासह. तीस वर्षे जी गळली नाही ती आताच कशाला गळेल, हा त्यामागचा तर्क, आणि वरवर तो बिनतोड आहे. त्यात एक गोष्ट मात्र न सांगता धरून चाललेली असते, ती ही की इंजिन बदलले तरी नळीचे काम तेच राहणार. बहुतेक वेळा ते तसे राहत नाही. दाब बदलतो, वाहणाऱ्या इंधनाचे प्रमाण बदलते, कधी इंधनच बदलते. तीस वर्षांची निर्दोष सेवा ही एका नोकरीतली सेवा होती. आता नळीला दुसऱ्याच नोकरीवर पाठवले जात आहे. म्हणून इंधनाची नळी बॉडीच्या खात्यात न धरता इंजिनाच्या खात्यात धरावी आणि इंजिनाबरोबर तीही बदलावी, असे माझे म्हणणे आहे. त्याला अपवाद आहेत, त्यांच्याकडे पुढे येतोच.

मारुती जिप्सीचे उदाहरण घेऊ, कारण हा बदल आपल्याकडच्या गॅरेजांना चांगला परिचयाचा आहे. १९८५ साली आलेल्या पहिल्या जिप्सीत ९७० सीसीचे, सुमारे ४५ अश्वशक्तीचे कार्ब्युरेटरवाले इंजिन होते. पुढे १३०० सीसीचे आले, आणि २००० च्या सुमारास त्या १३०० सीसीला एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा इंजेक्टर, मिळाला आणि ताकद ८० अश्वशक्तीवर गेली. जुन्या जिप्सीच्या मालकाचा डोळा साहजिकच या शेवटच्या इंजिनावर असतो. आता नळीकडे बघा. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल ओढणारा यांत्रिक पंप इंजिनावरच बसवलेला असतो. जीप आणि अँबेसेडरचे जुने मेकॅनिक त्याला एसी पंप म्हणतात. टाकी मागे, पंप पुढे. त्यामुळे टाकीपासून पंपापर्यंतची, चॅसिसला धरून जाणारी जवळजवळ सगळी नळी सक्शनवर असते आणि तिच्या आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमीच असतो. खरा दाब फक्त पंपाच्या पुढे, कार्ब्युरेटरपर्यंतच्या हातभर नळीत, आणि तोही पाव-अर्धा बार. एमपीएफआयमध्ये चित्र उलटे होते. विजेवर चालणारा पंप टाकीत बसतो आणि मागून ढकलतो. जी नळी आयुष्यभर सक्शनवर होती तिच्यात आता, इंजिन चालू असेपर्यंत, सुमारे तीन बारचा दाब कायम असतो.

सक्शनवरच्या नळीला बारीक छिद्र पडले तर ती बाहेर गळत नाही, आत हवा घेते. इंजिन चढावर थोडे अडखळते, सकाळी सुरू व्हायला दोन सेल्फ जास्त लागतात, आणि दोष कार्ब्युरेटरच्या माथी जातो. टाकी भरलेली असताना पेट्रोलच्या वजनाने चार थेंब बाहेर येऊ शकतात हे खरे. पण गंजातली सुईच्या टोकाएवढी छिद्रे गाळाने आणि वाळलेल्या पेट्रोलच्या चिकट थराने बुजलेली राहतात आणि तेवढ्या किरकोळ दाबाला दाद देत नाहीत. म्हणून ‘तीस वर्षांत गळली नाही’ या वाक्यातून नळी धड आहे एवढे सिद्ध होत नाही. गळती दिसावी अशी परिस्थितीच तिच्यावर कधी आली नव्हती, एवढेच त्यातून कळते. गच्चीवरच्या टाकीच्या पाण्यावर वर्षानुवर्षे सुखाने चाललेल्या जुन्या घराच्या नळांना प्रेशर पंप जोडला की आठवड्याभरात भिंतींना ओल का येते, हे ज्याने पाहिले आहे त्याला यापुढचे समजावून सांगायला नको.

आकड्यांत मांडले तर फरक आणखी स्पष्ट होतो. तीन बारच्या दाबाखाली छिद्रातून सुटणाऱ्या पेट्रोलचा वेग सेकंदाला २८ मीटरच्या आसपास येतो, म्हणजे ताशी साधारण १०० किलोमीटर. छिद्राचा व्यास अर्धा मिलिमीटर धरला तरी मिनिटाला सुमारे २०० मिलिलिटर पेट्रोल बाहेर पडते, आणि थेंबाथेंबाने पडत नाही, फवारा होऊन पडते. फवाऱ्यातले पेट्रोल लगेच वाफ होते. पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांच्या आसपासच्या थंडीतही पेटण्याइतकी तयार होते, तर आपल्या उन्हाळ्याची काय कथा. पेटायला ठिणगी लागते आणि ती देणाऱ्या गोष्टी बॉनेटखाली पुष्कळ: अल्टरनेटर, स्टार्टर, प्लगची सैल वायर. तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पेट्रोल पडले की दर वेळी भडका उडतोच असे नाही, ते बऱ्याचदा नुसते वाफ होऊन जाते. ती वाफ मात्र वर सांगितलेल्या ठिणगीची वाट पाहत राहते. कार्ब्युरेटरच्या गाडीतली गळती नाकाला आधी कळते. इंजेक्शनच्या गाडीतली गळती नाकाला कळेपर्यंत थांबेल याची खात्री नाही.

यावर जाणत्या मेकॅनिककडून येणारा आक्षेप रास्त आहे. तो म्हणतो, जुन्या नळीला दाब देऊन बघू. धरला तर ठेवू, नाही धरला तर बदलू. लोखंडी नळीपुरते मी हे मान्य करीन, काही अटींवर. दाबाची चाचणी आज नळी फुटते का एवढेच सांगते. नळीची भिंत किती उरली आहे हे ती सांगत नाही. मोटारींच्या लोखंडी नळ्या बहुधा पातळ पत्रा गुंडाळून, तांब्याने सांधून केलेल्या असतात आणि त्यांची भिंत जेमतेम ०.७ मिलिमीटरची असते. बाहेरून त्या गंजतात त्या ठरावीक जागी: चॅसिसला धरणाऱ्या क्लिपांखाली, जिथे चिखल आणि पावसाचे पाणी साचून राहते, आणि जिथे नळी रबरी बुशातून आरपार जाते तिथे. कोकणात किंवा गोव्यात आयुष्य काढलेल्या गाडीच्या क्लिपा काढून बघितल्याशिवाय नळी चांगली म्हणू नये. आतून त्या पाण्याने गंजतात, आणि तो गंज दिसतच नाही. चाचणी उत्तीर्ण झालेली नळी आतून लाल भुकटी सोडत असेल तर ती गळणार नाही, पण इंजेक्टरपुढचा फिल्टर महिन्याभरात चोंदेल. कार्ब्युरेटरच्या जेटमधून जी घाण निमूट निघून जायची ती इंजेक्टरच्या तोंडाशी अडकते, कारण तिथली भोके फारच बारीक असतात. तेव्हा चाचणी करायचीच तर कामाच्या दाबाच्या दुपटीने, क्लिपा काढून, आणि नळीतून काढलेले द्रव पांढऱ्या फडक्यावर गाळून. एवढे सगळे करायला जो वेळ जातो त्यात नवी नळी वाकवून होते, असे पुष्कळ कारागीर सांगतील. मला ते पटते.

रबरी नळीच्या बाबतीत मात्र ही सवलतही नको. जुन्या गाडीतली रबरी होस बहुतेक नायट्राइल रबराची असते. नायट्राइलला पेट्रोल चालते, पण चालते म्हणजे काय हे बघायला हवे. रबर थोडे पेट्रोल पिते आणि फुगते. त्याच वेळी त्याला मऊ ठेवण्यासाठी कारखान्यात मिसळलेली तेले हळूहळू पेट्रोलमध्ये विरघळून निघून जातात. जी लवचिकता उरते ती पेट्रोलने भिजल्यामुळे उरलेली असते. आता इंजिन बदलण्याच्या कामात काय घडते? टाकी रिकामी करून उतरवली जाते, नळ्या सोडवल्या जातात, आणि सुट्या भागांची, पैशांची, मेकॅनिकच्या सवडीची वाट पाहत गाडी महिनोन्महिने उभी राहते. नळीतले पेट्रोल उडून जाते. आतली तेले आधीच गेलेली, आता पेट्रोलही गेले. रबर आकसते, कडक होते आणि आतून तडकते. काल धड असलेली होस कामाच्या काळातच निकामी होते, कुणी हातही न लावता. अशी जुनी होस कापून बघावी. वळणाच्या बाहेरच्या अंगावर नखाने उकलतील अशा बारीक भेगा असतात, ते ओझोनचे काम. आतला थर कधी काचेसारखा कडक, कधी उलट चिकट, बोटाला काळा लागणारा. आणि टोकाशी, जिथे क्लिप आवळलेली होती तिथे, रबरात कायमचा खळगा पडलेला असतो, जो क्लिप सोडली तरी भरून येत नाही. ही होस त्याच पाइपावर पुन्हा चढवून क्लिप जास्त आवळली की काम भागते, अशी समजूत आहे. भागते ते कार्ब्युरेटरच्या दाबाला.

दुसरा बदल पेट्रोलपंपावरच झालेला आहे, आणि त्यासाठी इंजिन बदलायचीही गरज नाही. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम देशात २००३ साली पाच टक्क्यांनी सुरू झाला. २०२२ च्या मध्याला सरासरी दहा टक्के गाठले गेले, फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्क्यांचे पेट्रोल काही निवडक पंपांवर आले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरले. उसाच्या राज्याला या धोरणाचे अर्थकारण समजावायला नको. नळीच्या अंगाने पाहिले तर गोष्ट एवढीच की १९८५ किंवा १९९५ सालच्या गाडीची रबरी होस निवडणाऱ्याच्या डोळ्यांपुढे इथेनॉल नव्हते. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल नायट्राइलला नुसत्या पेट्रोलपेक्षा जास्त फुगवते; आणि गंमत अशी की मिश्रणाचा त्रास शुद्ध इथेनॉलपेक्षाही जास्त असू शकतो, कारण पेट्रोल रबराचा एक अंश सैल करते आणि इथेनॉल दुसरा. पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मधल्या खुलाशात काही जुन्या वाहनांत वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात असे म्हटले; ते काम स्वस्त आहे, अशी पुस्तीही जोडली. वीस टक्के इथेनॉल जुन्या इंजिनाला कितपत मानवते यावर भांडण चालू राहील, पण रबरी नळीबाबत सरकार आणि टीकाकार एकाच बाजूला आहेत. शिवाय इथेनॉल पाणी ओढते. साध्या पेट्रोलमधले पाणी टाकीच्या तळाशी वेगळे बसते. इथेनॉलच्या मिश्रणात ते काही प्रमाणापर्यंत विरघळून फिरत राहते आणि मर्यादा ओलांडली की इथेनॉलसह एकदम खाली बसते. जास्त दिवस उभ्या असणाऱ्या गाडीच्या लोखंडी नळीच्या सखल भागात नेमके हेच पाणी साचते.

मग कोणती होस घ्यायची? बाजारात होसवर छापलेला शिक्का वाचायची सवय लावावी. अमेरिकेतल्या एसएई या अभियंता-संस्थेच्या जे-३० मानकात आर-७ हा कार्ब्युरेटरच्या कामाचा दर्जा आहे आणि त्याची मर्यादा नेहमीच्या जाडीत ५० पीएसआय, म्हणजे साडेतीन बारच्या घरात. आर-९ हा इंजेक्शनसाठीचा. त्याच्या आत फ्लुओरोरबराचा पातळ थर असतो, जो पेट्रोल आणि इथेनॉल दोन्हींना फारसे आत शिरू देत नाही, आणि मर्यादा १०० पीएसआय. इथे एखादा हिशेबी माणूस म्हणेल, दाब तीन बार आणि आर-७ साडेतीन बारची, मग महागडी होस कशाला? कारण तीन बार हा सगळे ठीक असतानाचा दाब आहे. न लागलेले पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी दबली किंवा दाब आवरणारा रेग्युलेटर अडकला तर टाकीतला पंप त्याच्या पूर्ण ताकदीने ढकलतो आणि दाब पाच-सहा बारवर सहज जातो. सुरक्षेची मर्यादा बिघाडाच्या दिवसासाठी ठेवायची असते. टाकीच्या आत पंपाला जोडणारा बोटभर तुकडा लागतो, त्याची तऱ्हा पुन्हा वेगळी. आर-९ होस आतून पेट्रोलला दाद देत नाही, पण तिचे बाहेरचे आवरण पेट्रोलात बुडून राहण्यासाठी केलेले नसते. ते काही काळात फुगून सुटते. टाकीत बुडणाऱ्या तुकड्यासाठी आर-१० हा वेगळा दर्जा आहे. तो साध्या होसच्या कितीतरी पट महाग पडतो आणि म्हणूनच तिथे उरलीसुरली साधी होस घातली जाते. मग सहा महिन्यांनी गाडी दाब धरत नाही आणि नव्या पंपाला शिव्या बसतात.

आता प्रवाहाकडे येऊ, कारण जाडीबद्दलचा गैरसमज सार्वत्रिक आहे. ८० अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण जोरात चालले तर तासाला साधारण २८ ते ३० लिटर पेट्रोल खाते. नुसते सुरू ठेवले तर तासाला लिटरभरही नाही. यावरून जुनी बारीक नळी पुरेल असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण रेग्युलेटर इंजिनाजवळ असलेल्या इंजेक्शनच्या व्यवस्थेत नळीतून वाहते ते इंजिनाला लागते तेवढे नव्हे, पंप देतो तेवढे. टाकीतला पंप तासाला ८०-१०० लिटर देतो आणि न लागलेले सगळे परत टाकीत जाते. सिग्नलला उभ्या गाडीत जवळजवळ सगळाच प्रवाह परतीच्या नळीतून जात असतो. ही नळी बारीक असली तर तिच्यातच दाब साचतो, रेग्युलेटर कितीही चांगला असला तरी. इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या रेलमधला दाब तीनऐवजी चार बार झाला तर इंजेक्टर त्याच वेळात सुमारे १५ टक्के जास्त पेट्रोल सोडतो, आणि इंजिन काळा धूर टाकते. नळीच्या व्यासाचा परिणाम इथे साधा सरळ नसतो: व्यास निम्मा केला तर तोच प्रवाह नेताना दाबाची घट तीसपटीच्या आसपास जाते. काही कार्ब्युरेटर गाड्यांना परतीची नळी नसतेच. काहींना असते, पण ती वाफ आणि थोडे जादा पेट्रोल परत नेण्यापुरती बारीक. ‘तीन नळ्या आधीपासूनच आहेत, फक्त जोडायच्या’ हे ऐकायला बरे वाटते. त्यातली परतीची कुठली आणि तिची आतली जाडी किती, हे मोजल्याशिवाय जोडू नये. अमेरिकेत जुन्या गाड्यांत जनरल मोटर्सचे एलएस मालिकेतले व्ही-एट इंजिन घालणाऱ्यांनी यावर एक सुटसुटीत तोड काढली आहे: कॉर्व्हेटच्या पाचव्या पिढीत रेग्युलेटर आणि फिल्टर एकाच डबीत असतात, ती टाकीजवळ बसवायची, परतीची नळी हातभर पुरते आणि पुढे एकच नळी जाते, ५८ पीएसआयची. ती एक नळी मात्र नवीच घालतात.

डिझेलचे प्रकरण वेगळे आहे, आणि आपल्याकडे ते जास्त जुने. पेट्रोलवर चालणाऱ्या जीपला डिझेल इंजिन बसवणे हा एक काळ मोठा धंदा होता. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत दाब फारसा नसतो, मग जुनी नळी का चालू नये? इथे उलटे संकट असते. डिझेल पंपाला हवा अजिबात खपत नाही; पेट्रोल इंजिन ज्या छिद्राकडे दुर्लक्ष करून चालत राहिले त्याच छिद्राने डिझेल इंजिन एअर धरते आणि रोज सकाळी प्रायमिंग करावे लागते. जुनी पेट्रोलची नळी तांब्याची असेल तर तिचा वेगळा उपद्रव: तांबे आणि जस्त डिझेल लवकर खराब करतात आणि नोझलवर साका धरवतात. तिसरे म्हणजे रबराची सवय. पेट्रोलमधल्या अरोमॅटिक घटकांनी फुगून बसलेले रबर डिझेलमध्ये तेवढे फुगलेले राहत नाही, थोडे आकसते, आणि जिथे घट्ट होते तिथे फट पडते. हा नुसता तर्क नाही. ऑक्टोबर १९९३ मध्ये अमेरिकेत कमी गंधकाचे डिझेल सक्तीचे झाले आणि कॅलिफोर्नियाने त्यातले अरोमॅटिकही घटवले, तेव्हा अनेक जुन्या वाहनांच्या पंपांतली नायट्राइल सीले गळू लागली. इंधन निकृष्ट नव्हते. जुन्या इंधनाच्या मुशीत बसलेले, उष्णतेने कडक झालेले रबर नव्या इंधनात आकसले आणि त्याच्यात पुन्हा जागा भरून काढण्याची लवचिकता उरली नव्हती. त्याच वाहनांत नवी सीले घातली की तेच डिझेल चालत होते.

आता अपवाद. इंजेक्शनच्या गाडीत त्याच दाबाचे, त्याच इंधनाचे दुसरे इंजिन जात असेल, गाडी फार उभी राहिलेली नसेल आणि लोखंडी नळ्या क्लिपा काढून तपासल्या असतील, तर त्या नळ्या ठेवायला माझी हरकत नाही. रबरी तुकडे आणि सीले मात्र बदलावीत. कंपनीच्या नायलॉनच्या नळ्याही, कुठे घासल्या वा तापल्या नसतील तर, बराच काळ टिकतात. जुन्या गाड्यांच्या हौशी मालकांचा आक्षेप वेगळा असतो, तो अस्सलपणाचा: कुर्ल्याला बनलेल्या प्रीमियर पद्मिनीखाली चकचकीत स्टेनलेस नळी दिसली तर गाडीची शान जाते. त्यांच्या भावना मला समजतात, पण इंजिन बदलले तिथेच अस्सलपणाचा मुख्य मुद्दा निकालात निघाला. तरी ज्यांना हवे त्यांनी जुनी नळी जागेवर शोभेला ठेवावी, तोंडे बुजवून, आणि कामाची नळी शेजारून न्यावी. खर्चाच्या आक्षेपाबद्दल जास्त लिहिण्यासारखे नाही. इंजिन, गिअरबॉक्स आणि मजुरी यांच्या बिलात नळ्यांचा आकडा शोधावा लागतो.

नवी नळी कशाची असावी? तांब्याची वाकवायला सोपी म्हणून मोह होतो, पण तांबे कंपनाने हळूहळू कडक होते आणि जोडाशी तडकते. शिवाय ते पेट्रोलमध्ये डिंक धरायला मदत करते. तांबे आणि निकेलच्या मिश्रधातूची नळी हातानेही बरी वाकते आणि गंजत नाही. आवरण दिलेली लोखंडी नळीही उत्तम. स्टेनलेस टिकते, पण तिला फ्लेअर काढणे हे सराईताचे काम आहे. मात्र नळी कशाची आहे यापेक्षा जोड कसे केले आहेत यावर जास्त अवलंबून असते. रबरी होस नुसत्या कापलेल्या गुळगुळीत पाइपावर चढवून क्लिप आवळणे ही कार्ब्युरेटरच्या काळातली सवय. तीन बारला अशी होस हळूहळू सरकते आणि एक दिवस निघते. पाइपाच्या टोकाला गोल उठाव काढलेला हवा, आणि क्लिप त्या उठावाच्या आतल्या बाजूला, होसच्या टोकापासून जरा आत बसायला हवी. क्लिपही नेहमीच्या खाचांच्या पट्टीची नको. त्या खाचांत रबर घुसते आणि कापले जाते. कडा दुमडलेली, सगळीकडून सारखी आवळणारी क्लिप मिळते, ती घ्यावी. रबर जितके कमी तितके बरे: चॅसिस आणि इंजिन यांच्यामध्ये, जिथे इंजिन हलते तिथे, एक तुकडा, आणि टाकीशी एक. बाकी सगळी धातूची नळी, दर फुटा-दीड फुटावर रबरी अस्तराच्या क्लिपेने बांधलेली, सायलेन्सरपासून शक्य तितकी दूर आणि प्रॉपेलर शाफ्टच्या वाटेत तर कधीच नाही. टाकीच्या माथ्यावरचा तुकडा बहुतेक ठिकाणी विसरला जातो, कारण टाकी उतरवल्याशिवाय तो दिसत नाही. आणि इंजिन बदलताना टाकी बऱ्याचदा उतरलेलीच असते.

नळीइतकीच महत्त्वाची, पण नळी नसलेली एक गोष्ट इथे सांगून टाकतो. यांत्रिक पंप इंजिन थांबले की थांबतो. विजेचा पंप इग्निशनवरून थेट वायर ओढून जोडला असेल तर अपघातात इंजिन बंद पडले तरी तो पंप करीत राहतो, आणि तुटलेल्या नळीतून पेट्रोल येत राहते. कंपनीच्या गाडीत इंजिन फिरत नसेल तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, रिले सोडून पंप बंद करतो. वायरिंग सोपे करण्याच्या नादात हा रिले गाळला जातो. तो गाळू नये. आरटीओच्या परवानगीविना इंजिन बदलले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा प्रश्न उभा राहतो आणि विमा कंपनीला दावा नाकारायला निमित्त मिळते; पण आगीच्या दाव्यात सर्व्हेअरची नजर कागदांइतकीच या वायरवर आणि त्या क्लिपांवरही जाईल.

काम झाल्यावर इंजिन लगेच सुरू करू नये. आधी रेलमध्ये गेज लावून नुसता पंप चालवावा, दाब चढू द्यावा, पंप बंद करून तो किती वेळ टिकतो ते बघावे, आणि तेवढ्या वेळात कोरडा पांढरा कागद घेऊन प्रत्येक जोडावरून फिरवावा. बॅटरी तेव्हा चांगली चार्ज असलेली आणि आग विझवायचे सिलिंडर हाताशी असावे. मग इंजिन सुरू करून गरम होऊ द्यायचे आणि सगळे जोड पुन्हा बघायचे, कारण थंड असताना धरलेला जोड गरम झाल्यावर सुटू शकतो. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर फिल्टर काढून कापावा. नळ्या नव्या असतील आणि तरी कागदावर लाल भुकटी दिसली, तर ती टाकीतून येते आहे आणि पुढचे काम टाकीचे आहे.